कासव मेले, त्याचे काय?

बालसाहित्यावरच्या एका चर्चासत्रात काही दिवसांपूर्वी ज्यूडी ब्लूमच्या 'टेल्स ऑफ अ फोर्थ ग्रेड नथिंग' ह्या कादंबरीचा उल्लेख निघाला. बोलणारे गृहस्थ व्यासंगी, इंग्रजीचे जुने प्राध्यापक. त्यांनी पुस्तकाची बोळवण एका वाक्यात केली : धाकटा भाऊ थोरल्याचे कासव गिळतो अशी एक निखळ, निरागस गंमत, पोट धरून हसावे आणि पुढे जावे. सभागृह हसले. मीही हसलो असेन. घरी परतताना मात्र 'निखळ' आणि 'निरागस' ही दोन विशेषणे मला छळू लागली. कासव गिळले गेले, ते मेले, आणि ज्याचे ते होते तो मुलगा त्याच घरात, गिळणाऱ्याच्याच सोबतीने वाढायचा आहे. ह्यात निखळ ते काय?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांना मतभेदाची जागा शोधत बसावे लागणार नाही. ही खोडकर मुलाची कादंबरी नाही. घरातले प्रेम कसे वाटले जाते आणि वाटणीत कमी आलेल्याने गप्प राहावे अशी अपेक्षा किती गोड शब्दांत केली जाते, ह्याची ही कादंबरी आहे. तिच्यातला विनोद हा त्या कमी आलेल्या मुलाचा आवाज आहे. तिला 'निखळ गंमत' म्हणणारा वाचक नकळत शेवटच्या प्रकरणातल्या मोठ्या माणसांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. १९७२ साली अमेरिकेत डटन ह्या प्रकाशनसंस्थेने ते काढले; चित्रे रॉय डोटी ह्यांची. निवेदक पीटर हॅचर, चौथीतला, न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कच्या जवळ राहणारा. वडील जाहिरातींच्या धंद्यात. धाकटा भाऊ अडीच वर्षांचा; नाव फार्ली ड्रेक्सेल, पण सगळे त्याला 'फज' म्हणतात. मित्राच्या वाढदिवसाला बरणीतल्या जेली बीन्स किती, ह्याचा अंदाज करण्याच्या खेळात पीटर जिंकतो (त्याचा अंदाज ३४८, खरा आकडा ४२३, तरी तोच सर्वांत जवळचा) आणि बक्षीस म्हणून त्याला एक इवलेसे कासव मिळते. त्याचे नाव ड्रिबल. आईला हे बक्षीस फारसे पसंत नाही, तिला त्याचा वास येतो. पीटर त्याची मनापासून निगा राखतो. पुढची आठ प्रकरणे फजच्या प्रतापांची, आणि दहाव्या, शेवटच्या प्रकरणात फज ते कासव गिळतो.

इथे पुस्तकाच्या जन्माची हकीकत लक्षात घेण्यासारखी आहे. ब्लूमबाईंच्या घरी कामाला असलेल्या बाईंनी त्यांना वर्तमानपत्रातली एक बातमी आणून दाखवली : एका लहानग्याने पाळलेले कासव गिळले. त्यावरून बाईंनी एक छोटी चित्रकथा लिहिली. ती प्रकाशकांकडून परत आली. पुढे डटनच्या संपादिका अ‍ॅन ड्युरेल ह्यांनी सुचवले की ह्या कुटुंबावर एक मोठे पुस्तक लिहा आणि कासवाची गोष्ट त्यातले एक प्रकरण होऊ द्या. म्हणजे जे प्रकरण आपण शेवटी वाचतो ते आधी लिहिलेले आहे. बाकीची नऊ प्रकरणे त्याच्या पायथ्याशी नंतर रचली गेली. प्रसंगांची नुसती माळ म्हणून ही कादंबरी वाचणाऱ्यांनी, आणि तिला 'सैल बांधणीची' म्हणणाऱ्यांनी, ह्या उलट्या क्रमाचा एकदा विचार करावा. शेवट ठाऊक असलेल्या लेखिकेने त्या नऊ प्रकरणांत काय पेरले आहे?

प्रकरणांची शीर्षकेच पाहा. तिसऱ्याचे शीर्षक 'घरचे कुत्रे', चौथ्याचे 'माझा भाऊ, पक्षी', सहाव्यात तोच भाऊ 'फँग', म्हणजे सुळेवाला. तिसऱ्यात फज जेवणच टाकतो आणि टेबलाखाली बसून कुत्र्यासारखे खाऊ लागतो. आई हवालदिल होऊन त्याला तसेच भरवते. चौथ्यात तो पक्ष्यासारखा उडायला जातो आणि उद्यानातल्या चढायच्या सांगाड्यावरून पडून पुढचे दोन दात घालवतो. त्या खिंडारामुळे उरलेले दात सुळ्यांसारखे दिसतात, म्हणून पीटर त्याला फँग म्हणू लागतो. कासव एका कोपऱ्यात आपल्या भांड्यात निमूट आहे, आणि दिवाणखान्यात मात्र एक कुत्रा, एक पक्षी, एक सुळेवाले जनावर मोकाट आहे. ह्या घरात पाळीव प्राणी एक नाही, दोन आहेत. एक पीटरचा आणि एक आईवडिलांचा. इंग्रजीत 'पेट' हा शब्द पाळलेल्या जनावराला लागतो तसाच लाडावलेल्या माणसालाही लागतो. मराठीत आपण 'पाळीव' आणि 'लाडका' असे दोन शब्द वापरतो, त्यामुळे ही मेख आपल्याला चटकन जाणवत नाही. पाळीव प्राण्यावरून भावंडांत चाललेली चुरस असे ह्या कथेचे वर्णन केले जाते, ते अपुरे आहे. फजला कासवाचा हेवा वाटतो असे पुस्तकात कुठे फारसे दिसत नाही. चुरस आहे ती घरचा लाडका प्राणी कोण, ह्याची, आणि ती पहिल्या पानाआधीच निकालात निघालेली आहे.

मग पीटर ह्या घरात कोण? तो साधन आहे. हे शब्द कठोर वाटतील, पण प्रसंग मोजून पाहावेत. फज खात नाही, म्हणून पीटरने डोक्यावर उभे राहायचे. फज टाळ्या पिटतो, तोंड उघडतो, आई घास कोंबते. फज दंतवैद्यापुढे तोंड उघडत नाही, म्हणून आधी पीटरने उघडून दाखवायचे. बुटांच्या दुकानात फजला थोरल्यासारखेच बूट हवेत, म्हणून पीटरने नको असलेले बूट आवडल्याचे सोंग करायचे, म्हणजे फज ते मुकाट घालेल. वडिलांच्या जाहिरातीसाठी फजने तीनचाकीवर बसायला हवे आणि तो बसत नाही. तिथेही पीटरलाच पुढे केले जाते. दर वेळी युक्ती साधते, मोठी माणसे सुटकेचा श्वास टाकतात आणि वाचक हसतो. मदाऱ्याच्या खेळात माकड कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. पीटर स्वतः विचारतो, पण तो विनोदाच्या भाषेत विचारतो, आणि विनोदात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी कुणावर नसते. चौथीतल्या मुलाने हे ओळखले आहे. शीर्षकातला 'नथिंग' हा त्याने स्वतःबद्दल काढलेला निष्कर्ष आहे.

आईवडील दुष्ट नाहीत, हे मला मान्य आहे, आणि ब्लूमबाईंची ताकद तिथेच आहे. फज सांगाड्यावरून पडल्यावर आई रागाच्या भरात पीटरला दोष देते, पण नंतर त्याची माफीही मागते. शाळेच्या प्रकल्पासाठी पीटरने मित्रांबरोबर केलेल्या तक्त्यावर फज रेघोट्या ओढतो तेव्हा फजला शिक्षा होते आणि पीटरच्या खोलीला वर कडी बसते. वडिलांचा संयम तर एकदा असा सुटतो की ते न खाल्लेल्या न्याहारीचा वाडगा फजच्या डोक्यावर पालथा करतात. (हा प्रसंग मोठ्याने वाचून दाखवला की वर्गातली थोरली भावंडे कोणती, ते हसण्यावरून ओळखता येते.) ही बरीच भली, दमलेली माणसे आहेत. अन्याय करायला दुष्ट असावे लागत नाही, पुरेसे दमलेले असले तरी चालते, हे ब्लूमबाई कुठेही न बोलता दाखवतात.

आता शेवटचे प्रकरण. भांडे रिकामे. ड्रिबल कुठे आहे असे विचारल्यावर फज आनंदाने पोटाकडे बोट दाखवतो. आई घाबरते, रुग्णवाहिका येते, रुग्णालय, क्ष-किरण, शस्त्रक्रियेची भीती. सगळे बरोबरच आहे. मुलाचा जीव आधी पाहायचा, ह्यावर कोण वाद घालील? पीटरलाही ते कळते. पण त्या धावपळीत ड्रिबलचे काय, हे विचारणारा तो एकटाच आहे. अखेर एरंडेल आणि तत्सम औषधांनी काम होते, कासव बाहेर पडते, घरात जल्लोष होतो. पीटर विचारतो, जिवंत की मेलेले? त्याचा प्रश्नच अप्रस्तुत ठरवला जातो. मग फज घरी येतो आणि त्याच्यावर भेटवस्तूंचा वर्षाव होतो. ज्याने गिळले त्याला बक्षिसे, आणि ज्याचे गेले त्याने आनंदात सामील व्हायचे.

दोन वर्षांपूर्वी मी हे प्रकरण विद्यार्थ्यांना मराठीत तोंडी सांगितले होते. वर्ग मनसोक्त हसला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून विचारले, "सर, पण मग कासवाचं काय केलं त्यांनी?" मी पुस्तक उघडून पाने चाळली. घरातले सगळे फजच्या कौतुकात होते. मला तिला उत्तर देता आले नाही, आणि इतकी वर्षे हे पुस्तक वाचून आपल्याला हा प्रश्न का पडला नाही, ह्याची लाज वाटली. ती मुलगी थोरली की धाकटी, हे मी विचारले नाही.

'निखळ गंमत'वाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे कुत्रा. अहो, शेवटी वडील पीटरसाठी कुत्र्याचे पिल्लू आणतात की! झाली ना भरपाई? ह्यापेक्षा पुस्तकाचा मोठा चुकीचा अर्थ मला माहीत नाही. पिल्लू म्हणजे प्रेम नव्हे असे मी म्हणत नाही. वडिलांच्या हृदयात काहीतरी हलले आहे हे खरे. पण मेलेल्या प्राण्याच्या जागी त्याहून महागाचा प्राणी आणून दिला की हिशोब मिटला, हा विचार कुणाचा आहे? तो मोठ्यांचा आहे. त्या काळच्या अमेरिकेत ही इवली कासवे किरकोळ किमतीला, खेळण्यासारखी विकली जात. साल्मोनेला ह्या जंतूचा संसर्ग मुलांना त्यांच्यापासून होतो म्हणून १९७५ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली. म्हणजे पुस्तक निघाल्यावर तीनच वर्षांनी ड्रिबलसारखे बक्षीस देणे अवघड झाले. आईने लावलेला हात धुण्याचा धोशा वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होता, असे आता म्हणावे लागेल. पण बाजारात ज्याची किंमत काही नाही अशाच वस्तूवर पीटरने जीव लावला होता. बाजारभावाने मोजले तर कासवाच्या बदली कुत्रा हा सौदा फायद्याचा आहे. पीटर मात्र बाजारभावाने मोजत नाही, आणि ते तो कसे सांगतो? तो कुत्र्याचे नाव 'टर्टल' ठेवतो, म्हणजे कासव. आठवण राहावी म्हणून.

ह्या नावावर मराठीतच काय, इंग्रजीतही कुणी नीट थांबलेले माझ्या वाचनात नाही. सगळे त्याला एक गमतीदार नाव समजून पुढे जातात. मला तो निषेधाचा ठराव वाटतो, नऊ वर्षांच्या मुलाला शक्य असलेला एकमेव. भरपाई मी घेतली आहे, पण पावतीवर काय गेले ते लिहून ठेवतो आहे. ह्यापुढे ह्या घरातल्या प्रत्येकाला कुत्र्याला हाक मारताना कासवाचे नाव घ्यावे लागेल. फजलासुद्धा.

खुद्द लेखिका शेवटी थोडी कचरली आहे, हेही म्हटले पाहिजे. हे कुत्रे फजला गिळता येणार नाही एवढे मोठे होणार, अशा अर्थाचा विनोद ती शेवटाशी आणते आणि नावातून उघडणारे दार अर्धवट लोटून घेते. आणखी अर्धे पान ती त्या दुःखापाशी थांबली असती तर बरे झाले असते. बेव्हर्ली क्लिअरीच्या 'बीझस अँड रमोना' (१९५५) ह्या कादंबरीत ते धाडस आहे. तिथेही थोरली नऊची, धाकटी चारची. थोरलीच्या दहाव्या वाढदिवसाला धाकटी एकापाठोपाठ दोन केक नासवते. मग आई आणि मावशी टेबलाशी बसून आपल्याच बालपणीची भांडणे आठवून हसतात, आणि बीझसला उमगते की बहिणीवर सदासर्वकाळ प्रेम वाटलेच पाहिजे असे काही नाही. तिथे मोठी माणसे वस्तू देऊन मोकळी होत नाहीत, कबुली देतात. हॅचर कुटुंबात ती कबुली कुणीच देत नाही. म्हणूनच तर पीटरला ती नावात लपवावी लागते.

एक आक्षेप गंभीर आहे, त्याला टाळून जाता येणार नाही. निवेदन पीटरचे आहे. फजची बाजू आपल्याला कळतच नाही. अडीच वर्षांच्या पोराला न्यायालयात कसे उभे करायचे? अगदी खरे. फज निर्दोष आहे. तो शोध घेणारा, जग तोंडाने चाखणारा जीव आहे, आणि ब्लूमबाईंनी तो आपल्या मुलाच्या बालपणावरून रेखाटला आहे. त्यात माया ओतप्रोत आहे. पण माझी तक्रार फजविरुद्ध नाहीच. ती वाचकाविरुद्ध आहे. 'तो लहान आहे' हे वाक्य फजचा बचाव म्हणून योग्य असले, तरी पीटरच्या दुःखावरचे उत्तर म्हणून ते निरुपयोगी आहे, आणि आपण ते सर्रास उत्तर म्हणून वापरतो.

पुढे बाजारानेही तेच केले. पहिल्या पुस्तकाचे शीर्षक पीटरचे होते, भले ते 'कुणी नाही' असे का असेना. मग आले 'सुपरफज' (१९८०), 'फज-अ-मेनिया' (१९९०), 'डबल फज' (२००२). निवेदक पीटरच, पण नाव फजचे. १९९५ साली दूरचित्रवाणी मालिका निघाली तिचेही नाव 'फज'. आज ग्रंथालयांत आणि दुकानांत ही सगळी पुस्तके 'फज मालिका' म्हणून ओळखली जातात. म्हणजे आईवडिलांनी घरात केले ते प्रकाशक, निर्माते आणि वाचक ह्यांनी मिळून घराबाहेर केले. क्लिअरीच्या मालिकेचेही तेच झाले, पुढची पुस्तके रमोनाची झाली. धाकटी भावंडे साहित्यातही शेंडेफळच असतात.

ब्लूमबाईंच्या पुस्तकांवर अमेरिकेत किती गहजब झाला हे विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९९० ते १९९९ ह्या दशकातल्या, सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या शंभर पुस्तकांची यादी केली. तीत त्यांची पाच आहेत. 'फॉरेव्हर', 'ब्लबर', 'डीनी' वगैरे. देहाबद्दल, देवाबद्दल, पाळीबद्दल बोलल्याचा त्यांच्यावर ठपका. फोर्थ ग्रेड नथिंग त्या यादीत नाही. संस्कृतिरक्षकांनाही ते निखळच वाटले असणार. आईवडिलांचे प्रेम समान नसते आणि मूल ते मोजत असते, ह्याहून धोक्याचे वाक्य मुलांच्या पुस्तकात दुसरे कोणते असेल? ते त्यांच्या नाकाखालून निघून गेले, कारण ते हसत होते.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी नाही, फक्त आपण हसण्याऐवजी गहिवरतो. 'श्यामची आई' (१९३५) मधला, धाकट्या भावासाठी कोट शिवून आणणारा श्याम पिढ्यानपिढ्या आपल्या थोरल्या मुलांपुढे ठेवला गेला. तो प्रसंग सुंदर आहे, मला आजही आवडतो. पण त्याचा शिक्षकांनी केलेला वापर मला छळतो. 'मोठा ना तू, मग समजून घे' हे वाक्य ऐकल्यावाचून ह्या प्रदेशात कोणी थोरले झाले असेल असे वाटत नाही. श्याम देतो, कारण त्याला द्यावेसे वाटते. पीटरकडून काढून घेतले जाते. ह्या दोन गोष्टींत फरक आहे, आणि बालसाहित्य शिकवताना एकीकडे 'संस्कारक्षम' आणि दुसरीकडे 'निखळ मनोरंजन' असे दोनच कप्पे ठेवले की नेमका हा फरक सांगायला जागा उरत नाही. पीटर संस्कारांच्या कप्प्यात बसत नाही, कारण तो कुरकुरतो. म्हणून त्याला गमतीच्या कप्प्यात टाकायचे आणि त्याची कुरकुर ऐकायची नाही.

उद्या कुणी हे पुस्तक मराठीत आणायला घेतले तर एक विनंती. माझ्या एका अनुवादक मित्राने विषय निघताच सुचवले की कुत्र्याचे नाव 'टर्टल'च राहू द्यावे, ऐकायला गोड लागते. नको. त्याचे नाव 'कासव' ठेवा. मराठीत कासव नपुंसकलिंगी आणि कुत्रा पुल्लिंगी, त्यामुळे 'कासव भुंकला', 'कासव धावत आला' अशी वाक्ये लिहावी लागतील आणि मुद्रितशोधक ती दुरुस्त करायला धावतील. त्यांना करू देऊ नका.